काचेचं परिशिष्ट

४ फेब्रुवारी

प्रिय दादा,

सुखरूप पोचले. खोली तिसऱ्या मजल्यावर आहे. खिडकीतून तळं दिसतं, असं हॉटेलवाले सांगतात. मला चार दिवसांत नुसतं धुकं दिसलंय. तळं त्याच्या आत कुठेतरी आहे, यावर विश्वास ठेवायचा आणि पडदा सरकवायचा.

वाटाघाटींची ही बारावी फेरी. एवढे मोठे दोन देश एकमेकांशी व्यापाराचा करार करतात म्हणजे नेमकं काय करतात, असं तू विचारलं होतंस. दादा, ते याद्या वाचतात. लांबलचक टेबलाच्या एका बाजूला आपली सतरा माणसं, दुसऱ्या बाजूला त्यांची सतरा, आणि मधे याद्या. कुणाचा माल कुणाच्या बंदरात किती शुल्क भरून उतरणार, कुणाला कुणाच्या देशात कारखाना काढता येणार, सगळं ओळीओळीनं. आपल्या बाजूनं साहेब बोलतात. मी त्यांच्या मागच्या खुर्चीत बसून त्यांचं बोलणं समोरच्यांच्या भाषेत सांगते आणि समोरच्यांचं आपल्या भाषेत. समोरच्यांच्या प्रमुख एक सत्तरीच्या बाई आहेत. रोज तीच करडी शाल. मी मनातल्या मनात त्यांना शालबाई म्हणते.

दुभाष्यानं 'साहेब म्हणतात की' असं म्हणायचं नसतं. साहेब 'मी' म्हणाले की मीसुद्धा 'मी' म्हणायचं. 'मी हे मान्य करू शकत नाही.' 'मला थोडा वेळ हवा.' दिवसभर दुसऱ्यांची 'मी' होऊन संध्याकाळी जिना चढायला लागलं की आपले पायही उसने आणल्यासारखे वाटतात. काल जेवताना वाढप्यानं विचारलं, आणखी काही हवं का? त्यानं कुणाला विचारलं आणि कुणाच्या वतीनं सांगायचं, ते चटकन कळेना.

आतलं काही लिहिता येणार नाही, तशी शपथ घेतली आहे. तेव्हा तुझ्या वाट्याला धुकं आणि पडदे. पडदे पिस्त्याच्या रंगाचे आहेत.

कारखान्यातल्या मास्तरांचा खोकला कसा आहे? वहिनीला सांग, तिनं विणलेला स्वेटर अंगातून निघत नाही.

तुझी
चिमणी


१५ फेब्रुवारी

चिमणे,

तुझं पत्र मास्तरांना वाचून दाखवलं. तू जन्मलीस त्या वर्षी बाबा आणि ते मिळून कंदिलाच्या चिमण्या फुंकत होते, म्हणून तुझं हे नाव पडलं, ही गोष्ट त्यांनी मला एकशे एकाव्यांदा सांगितली. शेवटी म्हणाले, एवढ्या चिमण्या फुंकल्या, त्यातली एकच बोलकी निघाली.

आमचं बरं चाललंय. अकरा माणसं, एक भट्टी. प्रयोगशाळांचे चंबू, दिव्यांच्या शेड्स, अत्तराच्या बाटल्या. सकाळी दार उघडून आत गेलो की अजूनही लहानपणासारखंच होतं. भट्टीच्या तोंडातून तो नारिंगी उजेड येतो, फुंकणीच्या टोकाला काचेचा गोळा मधासारखा लोंबत असतो, आणि सगळे असे सावकाश हलत असतात की पाण्याखाली आहोत असं वाटावं. कुणी घाईनं चालत नाही. कुणी मोठ्यानं बोलत नाही. बाहेरचं जग म्हणजे कुणीतरी सांगितलेली गोष्ट.

आता कामाचं. भट्टी आठ वर्षं विझलेली नाही, आणि आतून विटा झिजून बोटभर राहिल्यात. मास्तर म्हणतात, वर्ष काढेल, पुढं नाही. या उन्हाळ्यात नवी बांधायची, नाहीतर राम म्हणायचा. नवी बांधली की बारा वर्षं बघायला नको. पण तुमच्या करारात काच मोकळी सुटली आणि बाहेरची यंत्रावरची काच भसाभसा यायला लागली, तर बारा वर्षं नवी भट्टी घेऊन मी काय करू? शेकत बसू?

मी काही विचारत नाही. तुझी शपथ तुझ्यापाशी. फक्त हवापाणी कळव. ऊन पडलंय म्हणालीस तर विटा मागवतो. धुकं म्हणालीस तर नाही. हवेबद्दल लिहायला तर कुणाची बंदी नाही ना?

वहिनी म्हणते, स्वेटर अंगातून निघत नाही म्हणजे धुवत पण नसशील.

दादा


२६ फेब्रुवारी

दादा,

असलं पुन्हा लिहू नकोस. गंमत म्हणूनही नको. साहेब मला गेली सहा वर्षं ओळखतात आणि त्या ओळखीवर मी त्या खुर्चीत बसते. उद्या कुणी म्हणालं की हिच्या पत्रांतून घरी निरोप जातात, तर माझी नोकरी जाईल ते जाऊ दे, पण सगळ्या बोलण्यावरच डाग पडेल. मला काही माहीत असलं तरी मी सांगणार नाही, आणि माहीत नसलं तरी तेही सांगणार नाही. बांधायची की नाही, हे तू मास्तरांशी बोलून ठरव. तुम्हाला काचेतलं कळतं, मला फक्त शब्दांतलं.

रागावले नाहीये. बाबा असते तर त्यांनीही हेच विचारलं असतं, फक्त इतक्या हुशारीनं नाही.

आज सुट्टी आहे. बाकावर बसून हे लिहितेय. तळं खरंच आहे, दादा. जवळजवळ महिनाभर मी ज्याच्याकडे बघत होते ते धुकं नव्हतंच असं वाटावं, इतकं लख्ख ऊन पडलंय. पाण्यावर दोन होड्या आहेत, पण वल्हं मारताना कुणी दिसत नाही. मीही बहुतेक अशीच बसल्या जागी कुठेतरी चाललेय.

तुझी
चिमणी


८ मार्च

चिमणे,

समजलो. शहाण्याला शब्दाचा मार.

दोन परिच्छेद खरडपट्टी काढून शेवटी ऊन पाडलंस. तू बाबांची मुलगी शोभतेस. वाचून झाल्यावर मी पत्र घडी घालून खिशात ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी विटा मागवल्या. मास्तर या वर्षी घरी बसणार होते. त्यांना सांगितलं, नवी भट्टी बांधतोय. त्यांनी दुपारीच मुलीच्या घरी निरोप पाठवला की इतक्यात राहायला येत नाही. आणखी दोघं सोडून चालले होते, तेही थांबलेत.

परत याबद्दल अवाक्षर काढणार नाही. तूही काढू नकोस.

दादा


२४ मार्च

दादा,

हे पत्र शांतपणे, बसून वाच.

ऊन म्हणजे ऊन होतं. बाकी काही नव्हतं. हे मी तुझं पत्र मिळालं त्याच संध्याकाळी कळवायला हवं होतं. कळवलं नाही, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी यादीत काच येणार होती, हे मला ठाऊक होतं. तुझ्या विटा डोक्यात घेऊनच मी खुर्चीत जाऊन बसले.

पुढचं आता गुपित राहिलेलं नाही. त्या दिवसांचं इतिवृत्त जाहीर झालंय, वर्तमानपत्रात येईल. तेव्हा माझ्याकडूनच ऐक.

अकराच्या सुमाराला ओळ आली: हाताने फुंकलेली काच. त्यांचं म्हणणं होतं, शुल्क एकदम काढून टाका. शालबाईंनी विचारलं, "असे कारखाने तुमच्याकडे किती उरलेत?"

साहेब कागदावरची नजर न उचलता म्हणाले, "नगण्य. पुढे चला."

मी सांगितलं, "मोजके."

एवढंच. त्यांच्या भाषेत हा शब्द निवडून, जपून ठेवलेल्या वस्तूंसाठीही वापरतात. शालबाईंनी मान डोलावली, काहीतरी लिहून घेतलं. मी मुद्दाम केलं का, असं विचारशील. तोंडातून शब्द गेला तेव्हा मला स्वप्नातल्यासारखं झालं होतं, आपलाच आवाज दुसऱ्या खोलीतून येतोय असं. पण तो कुठला शब्द आहे, ते मला पक्कं माहीत होतं.

दुपारी त्यांनी काच 'हात न लावण्याच्या' यादीत टाकली. आपली बाजू तिला एवढं जपते तर राहू दे, म्हणाल्या. त्या बदल्यात आपल्या त्याच यादीतली दुसरी एक ओळ काढा, हाताने शिवलेले हातमोजे. साहेबांना हातमोज्यांचंही फार काही नव्हतं. त्यांनी पेन्सिलीनं रेघ मारली. मी त्यांच्या खांद्यावरून बघत होते. सरळ, हलकी रेघ.

दोन दिवस मला दुसरं काही दिसेना. हातमोजे शिवणारं कुणीतरी असणारच. त्यालाही बहीण असेल, पण ती त्या खुर्चीत बसलेली नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी कामकाज सुरू व्हायच्या आत मी उभी राहिले. म्हणाले, "परवा साहेब 'नगण्य' म्हणाले होते, मी 'मोजके' सांगितलं. ती चूक नव्हती. त्या कारखान्यांपैकी एक माझ्या भावाचा आहे." आधी आपल्या भाषेत सांगितलं, मग त्यांच्या. त्या खोलीत मी पहिल्यांदाच माझ्यासाठी 'मी' म्हणाले.

साहेबांनी पेनाला टोपण लावलं आणि मला बाहेर बसायला सांगितलं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

हातमोजे परत यादीत गेले. काचेची ओळ पुन्हा उघडली आहे. मला दुभाषी म्हणून या करारातून काढलंय.

विटा थांबवता आल्या तर थांबव. माझ्यामुळे झालं, दादा.

चिमणी


६ एप्रिल

चिमणे,

दादा नाही, वहिनी लिहितेय. ह्यांना सांगितलेलं नाही.

तुझं पत्र ह्यांनी कारखान्यात उभ्याउभ्याच वाचलं. बसून वाच म्हणून लिहिलं होतंस, तेवढं तरी ऐकायचं. वाचून झाल्यावर मास्तरांच्या हातातली फुंकणी घेतली आणि संध्याकाळपर्यंत चंबू फुंकत राहिले. डॉक्टरांनी फुंकायला मनाई केलीय, हे तुला ठाऊक आहे. मास्तर म्हणाले, फुंकू दे, एकही चंबू वाकडा जात नाहीये. त्या दिवशी हे घरात एकच वाक्य बोलले. "खोटं बोलली तर बोलली, मग ते निस्तरायला कुणी सांगितलं होतं?"

म्हणजे राग उन्हाचा नाही. तू ते परत घेतलंस याचा आहे.

विटा थांबल्या नाहीत, मागच्या आठवड्यात येऊन पडल्या. अंगणात एवढा ढीग झालाय की वाळत घालायला जागा नाही, म्हणून मी चादरी त्यांच्यावरच पसरते. दुपारी ऊन लागलं की चादरींना भाजलेल्या मातीचा वास येतो. हे खिडकीत उभे राहून त्या ढिगाकडे बघत बसतात. बांधूही देत नाहीत, परतही पाठवत नाहीत.

माझं विचारशील तर मला राहून राहून ते हातमोजेवाले आठवतात. कोण कुठले, त्यांना कळणारही नाही की आपल्यावरून काय गेलं. तू उभी राहिलीस ते बरं केलंस. हे मी ह्यांच्यासमोर म्हटलेलं नाही. घरात एका वेळी एकानंच गप्प बसावं, दोघं बसले तर चूल पेटत नाही.

उत्तर आलं नाही तरी लिहीत राहा. हे वाचतात. शर्ट धुवायला टाकताना तुझी पत्रं मलाच खिशातून काढावी लागतात.

तुझी
वहिनी


२९ एप्रिल

दादा,

वाचत असशील असं धरून लिहितेय.

मला घरी पाठवलं नाही. सभागृहाच्या समोरच्या एका खोलीत बसवलंय, करारामागे जोडायच्या परिशिष्टांचं भाषांतर करायला. दुभाष्यांच्या सगळ्या कामांत हे सर्वांत हलकं समजतात. बोलायचं नाही, कुणाचं ऐकायचं नाही, नुसत्या वस्तूंची नावं. शिट्ट्या. छत्र्यांच्या मुठी. बाहुल्यांचे डोळे. वल्ही. शिंप्याची अंगुस्तानं. घंटांचे लोलक. चौदाशे पानं आहेत. दुपारी डोळे जड झाले की ती नावं कागदावरून उठतात आणि खिडकीतून तळ्यावर जातात असं वाटतं. सगळं पाणी वस्तूंनी भरून जातं, आणि त्यातली प्रत्येक वस्तू कुठल्यातरी घरातल्या कुणीतरी केलेली असते. टेबलाशी बसले होते तेव्हा हे कधी दिसलं नव्हतं. तिथे फक्त ओळी दिसायच्या.

एक झालं, ते सांगते. मला बाहेर काढलं त्याच्या तिसऱ्या दिवशी साहेबांचा शिपाई बोलवायला आला. आत गेले तर सगळे माझ्याकडे बघत होते. माझ्या खुर्चीत दुसरी दुभाषी होती. शालबाईंनी तिच्यामार्फत विचारलं, "काचेची भट्टी एकदा बांधली की किती वर्षं चालते?" चौतीस माणसांत कुणालाच माहीत नव्हतं, दादा. तीन दिवस ते काचेवर बोलत होते.

साहेब म्हणाले, हिचा यात संबंध आहे, हिला कसं विचारायचं?

शालबाई म्हणाल्या, "संबंध आहे, म्हणून तर हिला माहीत असेल."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि हलकेच मान हलवली. मी सांगितलं, "बारा वर्षं. आमची आठ वर्षांत झिजली, कारण तेव्हा हलक्या विटा मिळाल्या होत्या. नव्या विटा मागवून झाल्या आहेत." ते शेवटचं सांगायची गरज नव्हती, पण आता मी एकही शब्द कमीजास्त करणार नव्हते. मग मला जायला सांगितलं.

त्याचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही. माहीत असतं तरी लिहिलं नसतं. यावर मात्र रागावू नकोस.

चिमणी


२१ जून

चिमणे,

उशीर झाला. माझं नेहमीचंच आहे, बाबाही म्हणायचे, हा काच गार झाल्यावर वाकवायला जातो.

करारावर सह्या झाल्याचं पेपरात वाचलं. वहिनीनं परिशिष्टाचं पान शोधून काढलं आणि चष्मा लावून मोठ्यानं वाचलं. हाताने फुंकलेली काच: शुल्क नऊ वर्षांत टप्प्याटप्प्यानं कमी होणार, दहाव्या वर्षी शून्य. तिनं हातमोजेही शोधले. ते तसेच आहेत, हे कळल्यावर ती उठून स्वयंपाकाला लागली.

मी तुझ्यावर रागावलो होतो, खोटं कशाला सांगू. सख्खी बहीण त्या टेबलाशी आहे, एकदा तिनं आपल्या बाजूनं शब्द टाकला, आणि मग स्वतःच्या हातानं उचलून घेतला. महिनाभर मला तेवढंच दिसत होतं. मास्तरांना म्हटलं, तुमच्या बोलक्या चिमणीनं आपल्यालाच काजळी धरली. ते माझ्यावर असे चिडले की तसे चिडलेले मी चाळीस वर्षांत पाहिलेले नाहीत. म्हणाले, "काचेत बुडबुडा राहिला आणि तो फक्त तुलाच दिसतोय, तर तू तो चंबू गिऱ्हाइकाला देतोस का?" देत नाही. बाबांनी कधी दिला नाही, मीही दिलेला नाही. 

आता माझं ऐक. ऊन म्हणजे ऊन होतं, हे मला तेव्हाच कळलं होतं. मी तुला लहानपणापासून ओळखतो, चिमणे. तू शपथ मोडणार नाहीस हे मला माहीत होतं. पण मला भट्टी बांधायची होती. वयाच्या बावन्नाव्या वर्षी बारा वर्षांची भट्टी बांधणाऱ्याला लोक वेडा म्हणतात, आणि मला एकट्यानं वेडं ठरायची भीती वाटत होती. म्हणून तुझ्या चार ओळी हाताशी धरल्या आणि सगळ्यांना भासवलं की आतून खबर आहे. विटा मी मागवल्या, तुझ्या नावावर. तू एका शब्दाचं खोटं बोललीस आणि तिसऱ्या दिवशी चौतीस माणसांसमोर उभी राहिलीस. मला अकरा माणसांसमोर उभं राहायला तीन महिने लागले.

पण राहिलो. करार छापून आला त्याच दिवशी सगळ्यांना बोलावलं आणि सांगितलं. खबर वगैरे काही नव्हती, मी तसं दाखवलं. आता खरं हे आहे की नऊ वर्षं आहेत आणि तीही दर वर्षी बारीक होत जाणारी. ज्याला जायचं त्यानं खुशाल जावं. सोडून जाता जाता थांबलेल्या त्या दोघांतला एक गेला. दुसरा म्हणाला, आमच्या घरात नऊ वर्षांचा भरवसा आजवर कुणी कुणाला दिलेला नाही, मी राहतो. मास्तरांनी फक्त विचारलं, जुनी कधी विझवायची?

जूनच्या पहिल्या मंगळवारी दुपारी विझवली. तिचा घुमणारा आवाज आपल्या कानांत इतका मुरलाय की तो आवाज आहे हेच आपण विसरलो होतो. तो थांबला आणि सगळे जागच्या जागी उभे राहिले, कुणाला पुढचं पाऊल कुठे टाकावं ते कळेना. मला भिंतीवरचं घड्याळ ऐकू आलं. आठ वर्षं ते तिथे आहे आणि त्याला टिकटिक आहे, हे मला माहीत नव्हतं. मग घरातून वहिनीचं गुणगुणणं ऐकू आलं. ती काम करताना गाते, चिमणे, आणि बरी गाते. मी दारात उभा राहून ऐकत राहिलो. तिला अजून सांगितलेलं नाही, सांगितलं तर थांबेल.

आतला सगळा गाळ काढला, जुन्या विटा फोडल्या, नव्या रचायला घेतल्या. मागच्या आठवड्यात शेवटची बसली. करार नऊ वर्षांचा, भट्टी बाराची. वरच्या तीन वर्षांचं काय, असं सगळे विचारतात. त्या वर्षांबद्दल कुठल्याच यादीत काही लिहिलेलं नाही, तेव्हा ती आम्ही आमच्या हिकमतीवर काढू. शालबाईंच्या गावचे लोकही आमचे चंबू विकत घेतील, कुणी सांगावं. करार काय एकाच बाजूनं उघडतो होय?

साहेबांनी तुला परत खुर्चीत बसवलं की नाही ते कळव. नसेल तर तेही कळव, लपवू नकोस. या घरात आता लपवायला फारसं काही शिल्लक नाही.

पेटवायची उद्याच होती. पण पहिली काडी कुणी लावायची यावर सकाळी बोलणं निघालं. मी म्हटलं, मास्तरांनी. मास्तर म्हणाले, चिमणीनं. मी म्हटलं, तिच्या चौदाशे पानांतून तिला सुट्टी कुठली? ते फुंकणी भिंतीला टेकवून स्टुलावर बसले आणि म्हणाले, "मग विटा वाळू देत."

वाळून झाल्या आहेत. आम्ही थांबलोय.

दादा